वनदर्शनाचा पाठ : नायगावचे मोर

कडा केंद्रातील शाळांना एका दिवसाची वनसहल काढावयाची असल्यास शेजारच्या पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य हे योग्य स्थळ होय. शासनाने ते १९९४ साली घोषित केले. वनविभागाची पूर्वपरवानगी मात्र अवश्य घ्यावी.

रानवाटेवर मोर दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू येतो. म्हणून प्रथम मुलांस मौन पाळून उभे करावे. मोर दिसल्यावर एक प्रश्न विचारावा : पिसारा म्हणजे शेपूट काय? बहुतेक मुले 'होय' म्हणतील; कित्येक शिक्षकही म्हणतील! वस्तुतः पिसारा हा शेपटावरील लांब पिसांचा असतो. खरी शेपूट आखूड असून पिसाऱ्याला मागून आधार देते. पावसाळा सरताना ही पिसे आपोआप गळतात व पुन्हा येतात. गळालेले पीस पाहावे, उचलू नये. लांडोर झुडपाआड जमिनीवरच अंडी घालते, यास्तव पायवाट सोडू नये. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्यामुळे पालकांच्या मनातील भीती रास्तच आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. एक शिक्षक पुढे, एक मागे व मुले मध्ये असावीत. वाकून वा बसून राहिलेले एकटे मूल बिबट्यास लहान जनावरासारखे भासू शकते. तेव्हा कोणासही मागे राहू देऊ नये. मोर वा वानर एकाएकी ओरडू लागल्यास थांबावे, मुले जवळ घ्यावीत आणि आल्या वाटेने परतावे. ऊन कलण्यापूर्वी सर्वांची हजेरी घेऊन रान सोडावे.