मशीन राहील, सासूबाईही राहतील

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, ती खोली आता पाहुण्यांचीच करावी लागणार,’ आणि मला लगेच कळलं, तुझं शिवणाचं मशीन पुन्हा हॉलच्या कोपऱ्यात जाणार. थांब जरा. सुताराला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी माझं ऐक.

सासूबाई गणपतीत येतात, मे महिन्यात येतात, मधेच कधी डोळे दाखवायला. शिवण मात्र तुझं रोजचं. मग ज्याचं काम रोजचं, त्यानं जागा सोडायची नाही; जे कधीमधी लागतं, त्यानं घडी होऊन बसायचं. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. चादर ताणून खोली पाहुण्यांसाठी राखायची आणि घरची बाई हॉलमध्ये फरशीवर बसून ब्लाउज बेतणार! मला हे कधीच पटलं नाही, आणि आईलाही पटायचं नाही. ती फक्त बोलायची नाही.

तुझी खोली १० बाय ८ ची. लांब भिंतीला ६ बाय ३ चा दिवाण लावलास तरी ४ फूट उरतात, त्यात मशीन आरामात बसतं. खिडकी डाव्या हाताला येऊ दे. सुई डावीकडे असते ना, उजेड थेट टाक्यावर येतो. ट्यूब मात्र पाठीमागच्या भिंतीवर नको, आपलीच सावली कापडावर पडते.

समोरच्या भिंतीला बेतायची फळी कर, ४ बाय २ ची. १९ एमएमचा प्लाय, भिंतीला बिजागऱ्या, खाली लॉक होणारे फोल्डिंग ब्रॅकेट. सुतार सवयीनं म्हणेल, टेबल ३० इंचांवर. ऐकू नकोस. ती बसून लिहायची उंची झाली. उभ्यानं कात्री चालवायला ३६ इंच हवेत, नाहीतर लग्नसराईत कंबर धरून बसशील. आणि भिंत आधी ठोकून बघायला सांग. पोकळ ब्लॉकची असेल तर साधा स्क्रू धरत नाही, त्याला वेगळे फास्टनर लागतात. फळी उघडली की मधे ३ फूट मोकळे राहतात, मिटली की ५. तेवढ्यात सासूबाई हातात काठी घेऊनही सहज फिरतील.

आता दिवाणाच्या पोटात काय ठेवायचं, इथेच सगळ्या फसतात. तुझी अस्तरं, गिऱ्हाइकांच्या पिशव्या, फॉलची बंडलं आत ठेवलीस, तर सासूबाई दुपारी पडल्या की तुझं काम बंद. त्यांना उठवून अस्तर काढणार आहेस का? आत फक्त पाहुण्यांचंच ठेव: जास्तीची गादी, उशा, चादरी, रग. पाहुणे आले की ते आपोआप बाहेर येतं. कापूस पावसाळ्यात कुबट होतो, तेव्हा जूनच्या आधी एकदा कडक ऊन दे. शिवणाचं सगळं भिंतीवर, फळीच्या वरच्या कप्प्यांत. शिवून तयार असलेल्या कपड्यांसाठी मशीनच्या वर एक आडवा रॉड पुरे.

एक कप्पा मात्र कायम रिकामा ठेवायचा. सगळ्यात अवघड हेच आहे, आधीच सांगते. रिकामी जागा दिसली की घरात कोणीतरी जुना मिक्सर आणून ठेवतंच (तुझे अहो त्यात पहिले). पण पातळं, औषधांचा डबा, जपमाळ ठेवायला जागा नसली, तर सासूबाईंना दहा दिवस पिशवीतूनच काढघाल करावी लागते. त्या बोलत नाहीत, पण ‘आपण अडचण झालोय’ हे त्यांना पहिल्याच रात्री कळतं. दिवाणाशी हात पोचेल असं दिव्याचं बटण दे. बाथरूमकडे जायच्या वाटेत मशीनची वायर आडवी नको.

टाचण्यांचं मात्र मी हट्टानं सांगेन. सासूबाई अनवाणी फिरतात आणि तुझी मुलं आजीच्या पांघरुणात लोळतात. रोज काम संपलं की जमिनीवरून एक मोठं लोहचुंबक फिरव, अगदी दिवाणाच्या कडेपर्यंत. झाडूला सापडत नाही ते त्याला सापडतं.

आणि त्या असतील त्या दिवसांत मशीनचं काम सकाळच्या वेळेत उरकून टाक. हेमिंग, हुक, काजं हे दुपारी हॉलमध्ये बसून होतं. त्यांनाही हुक लावायला दे की! गावाकडे त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. तू संकोचानं विचारत नाहीस आणि त्या संकोचानं मागत नाहीत.

बाकी सगळं जमेल. फक्त खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, हे तू सांगितलंच नाहीस. आत उघडत असेल तर फळी दारावर आपटेल, मग ती दोन फूट खिडकीकडे सरकवावी लागेल. टेप घे, मोजून बघ आणि संध्याकाळी फोन कर.