जंगलावरचा खर्च कोणासाठी?



सरकारने रस्त्यावर पैसा खर्च केला तर कोणी हरकत घेत नाही. जंगल राखायला किंवा माहुलीसारख्या गडाची वाट नीट ठेवायला खर्च झाला, की मात्र प्रश्न येतो : ‘हा पैसा माणसांसाठी का नाही?’ प्रश्न रास्त आहे. त्याचा शांतपणे विचार करू या.

किंमत आणि मूल्य ह्यांत फरक आहे. तोडलेल्या लाकडाची किंमत बाजार ठरवतो. उभे झाड पाणी जमिनीत मुरवते, उतारावरची माती धरून ठेवते. त्याचे बिल येत नाही, म्हणून ते आपल्याला फुकट वाटते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, तेव्हापासून मुंबई तेथले पाणी पिते. भोवतीचे जंगल गेले तर माती वाहून तलावात गाळ साचेल. जो लाभ सर्वांचा, त्याचा खर्च एकटा माणूस करीत नाही. तो सार्वजनिक तिजोरीतूनच व्हावा लागतो. १९७० साली तानसा अभयारण्य झाले. नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ साली नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि २०१४ साली तानसाच्या रानातही दिसला. रान राखले होते, म्हणूनच त्याला आसरा मिळाला.

विरंगुळ्याचेही तसेच. श्रीमंताला फार्महाऊस असते. गरिबाच्या मुलाला मोकळी हवा हवी असेल, तर सर्वांच्या मालकीचा डोंगरच हवा.

पण न्यायाची बाजू विसरून चालणार नाही. तानसा व भातसा आपल्या शहापूर तालुक्यात. तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाया आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. माळशेज घाटात पावसाळी गर्दी होते. पर्यटक परततात, बाटल्या मुरबाडच्या वाट्याला येतात. जंगलावरच्या खर्चात जंगलाशेजारच्या माणसाचे पाणी, रोजगार आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला हक्क धरला नाही, तर तो खर्च अपुराच. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात हेच सांगितले : धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत.

चिंतनासाठी :
१. आपल्या गावाजवळच्या रानाचा आपल्याला कोणता लाभ होतो, ज्याचे पैसे आपण कधी दिले नाहीत?
२. पुढच्या ग्रामसभेत पाणी आणि वनहक्क ह्यांविषयी आपण कोणता प्रश्न विचारणार?