सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं : विरामचिन्हे, खास अक्षरे आणि ऑनलाइन शोध



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून सुरू होतो. आमच्या वरणगावातली एक आई मुलीच्या शिष्यवृत्तीची यादी बघायला माझ्याकडे आली होती. यादी पीडीएफमध्ये, पानं भरपूर. मी मोबाईलवर शोधाची चौकट उघडली, आडनाव टाईप केलं – बऱ्हाटे. उत्तर आलं, शून्य. मी सांगून टाकलं, "ताई, नाव नाही आलं यंदा." ती म्हणाली, "अजून एकडाव पाहा ना, सर." मी तेच नाव पुन्हा तसंच टाकलं. पुन्हा शून्य. ती गेली.

संध्याकाळी तीच यादी छापील कागदावर पाहिली, तर मुलीचं नाव ठळक दिसत होतं! कागदपत्रं द्यायला दोनच दिवस उरले होते. मी लगेच त्यांच्या घरी गेलो आणि काम झालं. पण ती पोर दुपारभर रडली होती, ते काही परत घेता येत नाही.

चूक कुठे झाली? चला, समजून घेऊ.

१) डोळ्यांना एक, संगणकाला दोन

संगणक अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचा क्रमांक बघतो. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. "बऱ्हाटे" मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. कोणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतं, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतं. दिसायला दोन्ही सारखेच, आतून मात्र वेगळे. काही प्रोग्रॅम हा फरक सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. बऱ्हाणपूर, वऱ्हाड, दुसऱ्या, शेतकऱ्यांना या सगळ्या शब्दांना हाच धोका आहे.

असेच आणखी काही जोडीदार बघा :

• विसर्ग आणि कोलन – "स्वतः" मध्ये विसर्ग हवा, पण घाईत आपण कोलन टाकून "स्वत:" लिहितो. दुःख, अंतःकरण यांचंही तेच.
• ॲ – "ॲप" मधलं ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन किंवा हिंदीतला ऍ वापरून लिहीत. आजही तिन्ही प्रकार सापडतात.
• दंड – अभंगातला । हा दंड आणि कीबोर्डवरची | ही उभी रेघ वेगळी. मुक्ताबाईंचा अभंग शोधताना दंडासकट ओळ टाकू नका, नुसते शब्द टाका.
• अंक – २०२४ आणि 2024 काही ठिकाणी एकच धरले जातात, काही ठिकाणी नाही.

शिवाय जुन्या फॉन्टमधल्या (कृतिदेव, श्रीलिपी वगैरे) पीडीएफमध्ये आपल्याला मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात. काही पीडीएफ तर कागदाचे नुसते फोटो असतात. तिथे शोध चालणारच नाही.

२) गुगलवर विरामचिन्हांचं काय होतं?

नेमका मजकूर हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचा, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. याचा आपल्याला खास उपयोग आहे. आपल्याकडे बोलीत "पानी", "मानूस" म्हणतात. बोलीतला शब्द तसाच हवा असेल तर अवतरणचिन्हं लावा, नाहीतर गुगल तो चुकीचा समजून "पाणी", "माणूस" दाखवू शकतं.

पण अवतरणचिन्हांत लिहिलं तरी आतली विरामचिन्हं जशीच्या तशी जुळवली जातील असं नाही. स्वल्पविराम, तिरपी रेघ, जोडरेघ ही चिन्हं बरेचदा मोकळ्या जागेसारखी धरली जातात. हे गुगलने २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं आहे.

आणखी एक खड्डा आहे. शब्दाआधी जागा सोडून वजा चिन्ह दिलं, तर त्याचा अर्थ "हा शब्द नको" असा होतो. "शिष्यवृत्ती -२०१७" असं लिहिलं तर २०१७ असलेली पानंच वगळली जातील. म्हणजे हवं तेच गायब!

३) शासन निर्णय कसा शोधायचा?

व्हॉट्सॲपवर रोज एखादा "नवीन जीआर" येतो. खरा की खोटा, हे तपासायलाच हवं. जीआरचा क्रमांक "संकीर्ण", वर्ष, प्र.क्र., तिरप्या रेघा, कंस यांनी भरलेला असतो. तो शोधात टाकला की सगळा गोंधळ होतो. त्यापेक्षा निर्णयाच्या शेवटी दिलेला १८ अंकी संकेतांक घ्या. त्यात एकही विरामचिन्ह नसतं. त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाका. मराठी अंकांनी जमलं नाही तर इंग्रजी अंकांनी टाकून पाहा.

४) एक्सेलमधला तारा

गैरहजर मुलांपुढे आपण * टाकतो. नंतर एक्सेलमध्ये * शोधला की भरलेला प्रत्येक कप्पा सापडत जातो, कारण तिथे ताऱ्याचा अर्थ "काहीही" असा आहे. खरा ताराच हवा असेल तर त्याआधी ~ हे चिन्ह द्या, म्हणजे ~* असं लिहा. प्रश्नचिन्हासाठीही तसंच, ~? असं.

५) लक्षात ठेवा

• शब्दातलं शंकेचं अक्षर टाळा. आडनावात ऱ असेल तर मुलीचं पहिलं नाव किंवा बैठक क्रमांक टाका.
• शब्द टाईप करण्याऐवजी त्याच फाईलमधून कॉपी करून शोधता आला तर उत्तम.
• यादीत नक्की असलेलं एखादं नाव आधी शोधून बघा. तेही सापडलं नाही, तर दोष नावाचा नाही, फाईलचा आहे.
• शेवटी डोळ्यांनी यादी वाचा. विशेषतः उत्तर "नाही" असं असेल तेव्हा.

उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी) : मुलांच्या दोन जोड्या करा. एकीने "स्वतः" विसर्ग देऊन, दुसरीने कोलन देऊन फाईलमध्ये लिहायचं. मग एकमेकांचा शब्द शोधायचा. कुठे सापडला, कुठे नाही, याची वहीत नोंद करा. शुद्धलेखन कशासाठी, हे त्यातून मुलांना आपोआप कळतं.

ती आई आता भेटली की हसून विचारते, "सर, नीट पाहिलं ना?" मीही हसतो. पण तेव्हापासून कोणालाही "नाव नाही" असं सांगण्याआधी मी पूर्ण यादी वाचतो. तुम्हीही वाचा.