आपली गाडी लागलीय: कुर्डुवाडी जंक्शनने शिकवलेल्या सात गोष्टी

माझं आजोळ बार्शीचं. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून निघालो की कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची आणि ‘बार्शी लाइट’च्या लहानशा डब्यात जाऊन बसायचं. मामा पुढे जाऊन बघून यायचा आणि सांगायचा, “चला, आपली गाडी लागलीय!” ती नॅरोगेज केव्हाच गेली, तिच्या जागी ब्रॉडगेज आली. मी मात्र अजूनही वर्षातून एक-दोनदा कुर्डुवाडीला जातो. कुठे पोहोचायचं नसतं, नुसत्या गाड्या बघायच्या असतात. अशी सहल आखताना जे हळूहळू कळत गेलं, ते इथे मांडतो.

1. आधी गावाची गोष्ट वाचा, मग वेळापत्रक.
जंक्शन तिथेच का झालं हे ठाऊक नसेल, तर यार्डात नुसते रूळच दिसतात. जी.आय.पी. रेल्वे 1860 साली सोलापूरला पोहोचली, पण कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी तिच्या वाटेवर नव्हती. बार्शीसाठी इथे उतरावं लागे, म्हणून या स्टेशनाचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची रेल्वे सुरू केली. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र होतं. भार असा सारखा वाटला गेल्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येई. ही लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. हे वाचून गेलो तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मुंबई-सोलापूर मुख्य लाइनला इथे दोन फाटे का फुटतात, आणि एक विठोबाकडे तर दुसरा बार्शी-लातूरकडे का जातो.

2. एक रात्र मुक्काम कराच.
पुण्याहून कुर्डुवाडी सुमारे 185 किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं, आणि सुरुवातीला मी तसंच करत असे. पण जंक्शनची खरी जाग रात्री असते. लांब पल्ल्याच्या गाड्या अंधारात येतात, मालगाड्या लूपवर थांबून त्यांना वाट देतात. सायंकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं, हा बेत मला सगळ्यात चांगला वाटतो. गाव लहान आहे, तेव्हा राहायची सोय आधी फोन करून पक्की करावी. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास जायचं तर वारकऱ्यांची गर्दी बघायची म्हणूनच जावं. त्या दिवसांत फलाटावरच्या बाकावर पहिला हक्क त्यांचा.

3. वहीत दोन रकाने आखा.
पहिल्या रकान्यात प्रवासी गाड्या: हुतात्मा, सिद्धेश्वर, उद्यान आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत. कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेसच्या नावाखाली मी दोन रेघा ओढतो, कारण ती पंढरपूरच्या फाट्यावरून येते आणि लातूरच्या फाट्याने जाते. निघण्याच्या आदल्या रात्री वेळा पुन्हा तपासाव्यात, कारण त्या बदलत असतात. दुसरा रकाना कोरा ठेवायचा, तो मालगाड्यांचा. त्या प्रवाशांच्या कुठल्याही वेळापत्रकात नसतात. इंजिनाचा वर्ग, नंबर, कुठल्या शेडचं आहे, वाघिणी कोणत्या, हे सगळं तिथे बसूनच लिहायचं. घरी परतल्यावर मी हा दुसरा रकानाच जास्त वेळा वाचतो.

4. सिग्नल वाचायला शिका.
लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा एवढं बहुतेकांना माहीत असतं. जंक्शनात याहून जास्त कळतं. जिथून मार्ग फुटतात तिथल्या सिग्नलच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ असते. ती पेटली की समजायचं, गाडी सरळ न जाता त्या बाजूला वळणार. हात खाली पडणारे जुने सिग्नल इथून गेले, तरी लोक अजून ‘सिग्नल पडला’ असंच म्हणतात. तो पडला की गाडी दिसायच्या आधीच आपण जागेवर उभे असतो.

5. ऊन कुठून येतं ते बघून बसा.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा फलाटावर दिवसभर बसू देत नाही. फोटोसाठी सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे सकाळी एक बाजू आणि दुपारनंतर दुसरी. भर दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवून जेवून घ्यावं. लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश कधीही मारू नये.

6. फलाटाची कड ओलांडू नका.
हे मी शिकलो ते भीतीने. काही वर्षांपूर्वी एका जंक्शनवर चांगली चौकट मिळावी म्हणून फलाट संपल्यावर खाली खडीत उतरलो. समोरून येणाऱ्या मालगाडीवर डोळा लावून उभा होतो, आणि मागच्या रुळावर दुसरी गाडी आली ती ऐकूच आली नाही. एका ट्रॅकमनने दंडाला धरून मला मागे ओढलं. एवढंच म्हणाला, “साहेब, फोटो परत मिळंल.” विजेवरच्या गाड्या जवळ येईपर्यंत कळत नाहीत. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात, म्हणून कॅमेऱ्याची काठी उंच धरणंही जिवावर बेतू शकतं. रुळांत उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, हे तर आहेच. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासांचं असतं. जास्त वेळ बसायचं तर पुढच्या स्टेशनाचं तिकीट काढून तेवढा प्रवासही करून यावा.

7. आधी कामाबद्दल विचारा, फोटोबद्दल नंतर.
नॅरोगेजच्या काळापासून इथे रेल्वेचं वर्कशॉप आहे. चहाच्या टपरीवर एकदा तिथून निवृत्त झालेले एक काका भेटले. मी इंजिनांचे वर्ग विचारत होतो, ते मात्र भट्टीजवळच्या उन्हाळ्याबद्दल आणि सायंकाळी हातावरून न निघणाऱ्या तेलाबद्दल बोलत होते. मी वही मिटली आणि ऐकत बसलो. आपल्या आवडीच्या गाड्यांमागे कुणाची तरी आयुष्यभराची मजुरी असते, हे त्या तासाभरात उमगलं. तेव्हापासून वहीत इंजिनांच्या नंबराशेजारी मी माणसांचं बोलणंही लिहितो.

मागच्या हिवाळ्यात दुपारी बराच वेळ काहीच येत नव्हतं. मी बाकावर बसून होतो. एक म्हातारी बाई बोचकं सावरत आली आणि मला विचारलं, “पंढरपूरची लागली का रं, बाळा?” सकाळपासून तिथेच असल्यामुळे कुठली गाडी कुठल्या फलाटावर आहे हे मला पाठ होतं. मी तिचं बोचकं उचललं, पुलाकडे वळलो आणि म्हणालो, “लागलीय आजी, चला.”