संस्थेतील ज्ञान-व्यवस्थापन आणि परिणामकारकता

प्रास्ताविक

एखाद्या कार्यालयातील अनुभवी लिपिक सेवानिवृत्त होतो. त्याच्या कपाटातील सर्व फायली जागच्या जागी असतात; तरीही पुढे अनेक महिने कामे रखडतात. असे का होते? फायलीत न लिहिलेले पुष्कळ काही त्याला ठाऊक होते आणि ते त्याच्याबरोबरच निघून गेले.

विषय-विवेचन

ज्ञानाचे दोन प्रकार मानले जातात. नियम, अहवाल, पुस्तिका यांत शब्दबद्ध झालेले ते व्यक्त ज्ञान. अनुभवातून अंगी मुरलेले, परंतु सहज सांगता न येणारे ते अव्यक्त ज्ञान. या दुसऱ्या प्रकाराचे विवेचन मायकेल पोलान्यी या विचारवंताने केले.

ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्या अमेरिकन कंपनीचे उदाहरण पाहू. यंत्रदुरुस्ती पुस्तिकेनुसार होते, असा व्यवस्थापनाचा समज होता. 1980च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी तेथील तंत्रज्ञांचे निरीक्षण केले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पुस्तिकेत न सापडणाऱ्या बिघाडांची उकल तंत्रज्ञ एकमेकांना सांगत असलेल्या अनुभवकथांतून होत होती. व्यवस्थापनाला वेळेचा अपव्यय वाटाव्यात अशा या गप्पा म्हणजे प्रत्यक्षात कामाचाच भाग होत्या.

पुढे 1990च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ ही प्रणाली उभारली. तिचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञ स्वतःला सापडलेला उपाय तीत नोंदवीत, सहकारी तो पारखून घेत आणि स्वीकृत उपायाखाली लेखकाचे नाव राही. त्यामुळे एका ठिकाणी लागलेला शोध दुसरीकडे उपयोगी पडू लागला.

येथे एक बाब ध्यानात घ्या. केवळ संगणक बसविल्याने हे साधले नाही. जाणकाराला श्रेय मिळाले, म्हणून त्याने आपले ज्ञान मोकळेपणाने दिले. जेथे ज्ञान देणाऱ्याला आपले महत्त्व कमी होण्याची भीती वाटते, तेथे उत्तम प्रणालीही रिकामीच राहते.

सारांश

संस्थेची परिणामकारकता तिच्याजवळील माहितीच्या साठ्यापेक्षा, एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत किती विश्वासाने पोचते यावर अवलंबून असते.

स्वाध्याय

तुमच्या परिचयाच्या संस्थेतील एका अनुभवी व्यक्तीशी बोला. तिला ठाऊक असलेल्या, पण कोठेही लिहून न ठेवलेल्या तीन गोष्टी नोंदवा. त्या पुढील पिढीपर्यंत कशा पोचवता येतील, ते दहा ओळींत लिहा.