ऑस्ट्रेलियात रोजानं जायचं, पण कुणाच्या भरवशावर?

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे, बी.एस्सी. कृषी झाले आहे. पंढरपूर तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, बेदाणाही घरचाच. ऑस्ट्रेलियात पाठीवर पिशवी टाकून वर्षभर फिरायचं आणि मधे मधे तिथल्या मळ्यांत फळं तोडून पैसे मिळवायचे, हे आता भारतातल्या मुलामुलींनाही करता येतं असं कळलं. खरं आहे का? हातात किती उरतात? आई म्हणते, "इथं आपण बायकांना रोजानं बोलावतो, आणि तू परक्याच्या रानात रोजानं जाणार?" तिला काय सांगू?
– एक वाचक, कासेगाव

उत्तर : खरं आहे, आणि अगदी अलीकडचं आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला तो लागू झाला. कोळसा, लोकर, वाइन, कापड यांच्या शुल्कांची चर्चा पुष्कळ झाली. तरुणांसाठी त्यात एक सोय होती, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. दरवर्षी एक हजार भारतीयांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा द्यायचा, असं त्यात ठरलं. या व्हिसाचा सरकारी क्रमांक ४६२. वय १८ ते ३० असावं लागतं. वर्षभर राहता येतं, फिरता येतं, काम करता येतं आणि चार महिन्यांपर्यंत शिकताही येतं.

अडचण आहे ती एक हजार या आकड्याची. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास नावं आली. म्हणून नावं चिठ्ठी काढून ठरतात. नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, आणि एका सोडतीत एका माणसाला एकदाच नाव घालता येतं. चिठ्ठी संगणक काढतो. "आमची वर ओळख आहे, तुमचं नाव काढून देतो" असं सांगणारा कुणी पंढरपुरात किंवा सोलापुरात भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. नाव निघालं की मग खरा अर्ज करायचा. त्याचं शुल्क साडेसहाशे डॉलरच्या पुढे आहे आणि बहुधा दर जुलैत वाढतं. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण हवं, ते तुमचं झालेलंच आहे. कामापुरतं इंग्रजी येतं हे परीक्षा देऊन दाखवावं लागतं. शिवाय खात्यात पाच हजार डॉलर, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास, आणि परतीच्या तिकिटाची सोय दाखवायची. हे तीन लाख व्याजानं काढून दाखवणार असाल तर जाऊ नका. डोक्यावर कर्ज असलेला माणूस वाईट मालकालाही नाही म्हणू शकत नाही, आणि या प्रवासात नाही म्हणता येणं फार महत्त्वाचं आहे. ते का, हे पुढे सांगतो.

आता कामाकडे येऊ. तुमच्यासारखीला तिथलं काम परकं वाटणार नाही. व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीकाठी मिल्ड्यूरा नावाचं गाव आहे. १८८७ मध्ये जॉर्ज आणि विल्यम चॅफी या कॅनेडियन भावांनी नदीचं पाणी उचलून तिथं कोरड्या माळावर मळे वसवले. पाऊस आपल्या सोलापुरापेक्षाही पुष्कळ कमी, वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. उजनी धरणाचं पाणी पोहोचल्यावर आपल्याकडे ज्वारीच्या रानांत ऊस आणि फळबागा आल्या. तिथं ते शंभर वर्षं आधी घडलं. तिथले लोक ज्या द्राक्षाला सुलताना म्हणतात ते म्हणजे आपलं थॉमसन सीडलेसच. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवड करून काढलेली सोनाका याच थॉमसनच्या घरातली.

बेदाण्याचा धागा तर आणखी जवळचा आहे. घड रॅकवर टाकण्याआधी तुम्ही ते ज्या द्रावणात बुडवता, पोटॅशियम कार्बोनेट आणि वर डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, त्या पद्धतीला शास्त्रीय लेखनात ऑस्ट्रेलियन पद्धतच म्हणतात. मण्यावरचं मेणाचं आवरण त्यानं मोकळं होतं आणि एरवी कित्येक आठवडे घेणारं सुकणं पंधरवड्यावर येतं. सावलीच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर माल सुकवण्याची रीतही मिल्ड्यूराच्या भागात जुनी आहे. मात्र तिथं आता पुष्कळ मळ्यांत घड तोडतच नाहीत. फळकाड्या कापून द्राक्ष वेलीवरच सुकू देतात आणि नंतर यंत्रानं झाडून घेतात. हाताला काम उरलंय ते मुख्यतः खायच्या द्राक्षात. विरळणी, तोडणी, पेटीत भरणं, आणि जून ते ऑगस्टच्या त्यांच्या हिवाळ्यात छाटणी. तिथला तोडणीचा हंगामही जानेवारी ते एप्रिल, म्हणजे तुमच्या घरच्या हंगामावरच येतो. याचा विचार घरात आधी करा, कारण त्या महिन्यांत तुमच्या बागेला एक माणूस कमी पडणार आहे.

ऊसतोडीचं काम मिळेल का, असंही काही जण विचारतात. नाही. क्वीन्सलँडमध्ये ऊस पुष्कळ आहे, पण हाती तोड १९७० च्या दशकाअखेर संपली, आता सगळं यंत्रानं होतं. त्या उसाचा इतिहास मात्र जाणाऱ्यानं माहीत करून घ्यावा. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून साठ हजारांवर माणसं या फडांत आणली गेली, कित्येकांना फसवून, काहींना चक्क पळवून. पंजाबातून गेलेल्या शिखांनीही आधी या उसात घाम गाळला, मग न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर वूलगूल्गा गावी केळीच्या बागा घेतल्या. १९६८ साली तिथं गुरुद्वारा उभा राहिला. त्याच भागात आता ब्लूबेरी पिकते, आणि मजुरीची सगळ्यात वाईट प्रकरणं गेल्या काही वर्षांत त्या ब्लूबेरीतूनच बाहेर आली.

मजुरीचा हा मुद्दा नीट समजून घ्या. बाकी सगळ्यापेक्षा तो मोठा आहे. तिथंही आपल्यासारखेच दोन प्रकार, तासानं आणि उक्तं. उक्तं म्हणजे बादलीमागे, पेटीमागे, वेलीमागे इतके पैसे. ऐकायला बरं वाटतं, पण झाडावर फळच कमी असलं किंवा हात नवा असला की दिवसभर राबून जेवणापुरतेही सुटत नाहीत. तासाला तीन डॉलरही न पडलेल्या मजुरांची उदाहरणं कामगार संघटनांनी उघडकीला आणली. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियननं हा प्रश्न फेअर वर्क कमिशनपुढे नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल लागला आणि २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. आता काम उक्तं असलं तरी मालकानं तास लिहून ठेवायचे आणि उक्त्याचे पैसे तासाच्या किमान मजुरीपेक्षा कमी भरले तर फरक खिशातून द्यायचा. शिवाय उक्त्याचा दरच असा ठरवायचा की सरावलेल्या मजुराला किमान मजुरीपेक्षा निदान पंधरा टक्के जास्त सुटावेत.

जुलै २०२५ पासून देशाची किमान मजुरी तासाला २४.९५ डॉलर आहे. रोजंदारीवरच्या माणसाला रजा नसते म्हणून त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ डॉलरच्या थोडं वर. आपल्या पैशांत तासाला सतराशे-अठराशे रुपये. हा आकडा ऐकून कुणीही हुरळेल, म्हणून पुढचा हिशोबही मांडतो. पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर. चार-सहा जणांच्या खोलीतल्या एका खाटेला आठवड्याला दोनशे डॉलरच्या आसपास. खाणं, मळ्यापर्यंतची गाडी, आरोग्यविमा (तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्याला लागू नाही). पूर्ण काम मिळालेल्या आठवड्यात पाचशे-सहाशे डॉलर बाजूला पडू शकतात. पाऊस आला, फळ पिकायला उशीर झाला, मालकानं फोनवर 'उद्या येऊ नका' म्हटलं, की त्या आठवड्यात खाटेचं भाडं तेवढं चालू राहतं. मालक १२ टक्के निवृत्तीनिधीही भरतो, पण देश सोडताना तो काढलात तर ६५ टक्के कापून जातो. पैसे साठवण्यासाठीच जाणार असाल तर हा रस्ता तुमचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभर स्वतःच्या कमाईवर एक देश पाहायचा असेल तर मात्र याच्याइतका चांगला रस्ता मला दुसरा दिसत नाही.

वर्ष संपल्यावर आणखी एक वर्ष राहायचं असेल तर ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, ठरावीक प्रकारचं काम केलेलं दाखवावं लागतं. मळ्यातलं काम त्यात बसतं. सहा महिने केलं तर तिसरं वर्षही मिळू शकतं. ब्रिटनच्या तरुणांना १ जुलै २०२४ पासून ही अट राहिलेली नाही, आपल्याला आहे. आणि शोषण नेमकं याच ८८ दिवसांच्या आडून होतं. दिवस भरून घ्यायचे असतात म्हणून मुलं कमी मजुरी सोसतात, गलिच्छ खोल्या सोसतात, मुकादमाची अरेरावी सोसतात. काही ठिकाणी खोली देणाराच काम देतो. आधी अनामत घेतो, मग काम 'पुढच्या आठवड्यात' म्हणत भाडं वाढत ठेवतो. आपल्याकडच्या उचलीची पद्धत ज्यानं पाहिली आहे त्याला हा फास लगेच ओळखू येईल.

म्हणूनच तुमच्या आईच्या प्रश्नाकडे मी गंभीरपणे पाहतो. रोजानं जाण्यात कमीपणा आहे असं त्यांना वाटतं, कारण रोजानं येणाऱ्या बाईला आपल्याकडे कसं वागवतात हे त्यांनी पाहिलंय. तिला पुरुषापेक्षा कमी हजेरी मिळते. दुखलं-खुपलं तर तिचं तिनं बघायचं. ऑस्ट्रेलियात बाई आणि पुरुष यांचा दर कायद्यानं एकच आहे, आणि कॉलेज सुटल्यावर वर्षभर फळं तोडलेली माणसं पुढे शिक्षक, डॉक्टर, वकील होतात. त्या कामाचा डाग लागत नाही. हे आईंना सांगा.

पण त्यांच्याशी बोलताना आपल्या जिल्ह्याकडेही एकदा पाहा. दर दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत पाच महिने. पोरांची शाळा तुटलेली. त्यांचंही काम उक्तंच, टनावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन दरात ३४ टक्के वाढ झाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळही आहे. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला. पण फडात पहाटे चारला सुरू झालेले तास कोण मोजतं? मोळी बांधणाऱ्या बाईच्या नावावर वेगळे पैसे कोण लिहितं? हे मजूरही घर पाठीवर घेऊन परक्या रानात जातात, आणि त्यांच्या प्रवासाला कुणी सुट्टी म्हणत नाही. मिल्ड्यूराच्या मजुराला जो आधार २०२२ साली मिळाला तो आपल्या फडातल्या बाईला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कृषी पदवीधर आहात, बागाईतदार आहात. तासांची नोंद ठेवून मजुरी देणं घरच्या बागेत तुम्ही जायच्या आधीही सुरू करू शकता.

आता नाव निघालंच तर काय करायचं ते सांगतो. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमध्ये मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते. नाव यादीत नसेल तर त्याच्या गाडीत बसू नका. पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवायचा नाही. प्रत्येक आठवड्याची पगारचिठ्ठी मागून घ्या, कारण ८८ दिवसांचा पुरावाही तीच असते. रोजचे तास आणि पेट्या स्वतःच्या वहीतही लिहा. मजुरी बुडवली तर फेअर वर्क ओम्बड्समनच्या कार्यालयात तक्रार करता येते, दुभाषाही मिळतो, आणि व्हिसावर आलेल्या माणसाला मजुरीचे हक्क तिथल्या नागरिकाइतकेच आहेत.

खोली घेताना आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते आधी पाहा. चिल्डर्स या क्वीन्सलँडमधल्या गावी २३ जून २००० रोजी फळमजुरांच्या वसतिगृहाला कुणीतरी आग लावली आणि १५ तरुण गेले. इशाऱ्याची यंत्रणा बंद होती.

आणि निघण्याआधी बागेतले बूट घासून-धुऊन घ्या. विमानात भरायच्या कार्डावर गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होतात का असा प्रश्न असतो, त्याला 'हो' लिहा. माती, बियाणं, रोपं यांबाबत तो देश अतिशय कडक आहे. खरं सांगितलं तर बूट तपासून परत देतात, लपवलं तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही जाऊ शकतो. आईंनी बांधून दिलेला बेदाणा न्यायचा असेल तर तोही त्याच कार्डावर लिहा. ठेवून घ्यायचा की सोडायचा, ते तिथला अधिकारी ठरवेल.