रात्रीचा दिवा आणि स्तनाचा कर्करोग



ऊस विकासाच्या पानावर आजाराचा विषय पाहून नवल वाटेल. पण शेतीची वीज रात्रीची आली की मोटर चालू करायला माणूस उठतो आणि घरातला दिवा रात्रभर जळत राहतो. "अशा उजेडाने बायकांना स्तनाचा कर्करोग होतो म्हणे, खरे काय?" अशी विचारणा गट कार्यालयात होते. म्हणून हा खुलासा.

रात्रीच्या उजेडाचा सजीवांवर परिणाम होतो, हे खरे. रात्र मोठी होऊ लागली म्हणजे उसाला तुरा येतो. पैदास केंद्रात मध्यरात्री दिवे लावून तो लांबवता येतो. आपण गणपतीपुळ्याला दर्शनाला जातो, त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले रात्री वाळूतून निघाली की उजळ बाजूला, म्हणजे समुद्राकडे जातात. पण वस्तीचे दिवे प्रखर असले तर उलटी फिरतात. माणसाच्या शरीरात अंधारात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते, उजेडात घटते. यावरूनच कर्करोगाची शंका निघाली.

मात्र रात्रपाळी आणि घरचा दिवा या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणे हे 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ व पुन्हा २०१९ साली ठरविले. घरच्या उजेडाबाबत ब्रिटनमध्ये १ लाख ५ हजारांवर स्त्रियांची सुमारे सहा वर्षे पाहणी झाली. झोपायच्या खोलीतल्या उजेडाने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा झोपताना दिवा मालवावा, झोप चांगली लागते. पण दिव्याची धास्ती घेऊ नये.

खरी काळजी तपासणीची घ्यावी. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या जणींची, दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली जाहीर झाले. त्याला महागडे यंत्र लागले नाही.

स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये. तिशीपुढील महिलांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. उसात काणी दिसली तर आपण हंगाम संपायची वाट पाहत नाही. मग घरच्या लक्ष्मीला "तोडणी उरकली की जाऊ" असे का सांगावे?

— ऊस विकास अधिकारी